घास, गार पाणी आणि ऊन पाणी

भाकरीचा घास तोंडात घातला, चावला आणि गिळला. एवढेच आपण करतो. पुढे त्या घासाचे काय होते, याची काळजी आपण करीत नाही. करावी लागतही नाही. घास आपोआप पोटात जातो.

पण कुणाकुणाचा घास मध्येच अडकतो. तो माणूस छातीवर हात ठेवून म्हणतो, "घास उतरंना गेलाय." मग कुणी वरून गार पाणी पितो, कुणी ऊन पाणी पितो. एकाला बरे वाटते, दुसऱ्याला जास्तच त्रास होतो.

असे का होते? गार पाणी चांगले की ऊन पाणी? आणि नुसत्या पाण्यावर कधी भागवायचे नाही? या पाठात आम्ही हेच सांगणार आहोत. पाठ सावकाश वाचा. घरात ज्याला वाचता येत नाही, त्याला मोठ्याने वाचून दाखवा.

घासाची वाट

गळ्यात दोन नळ्या असतात. पुढची श्वासनळी. तिच्यातून हवा जाते. मागची अन्ननळी. तिच्यातून अन्नपाणी जाते. मोठ्या माणसाची अन्ननळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे वीतभराहून थोडी जास्त. ती छातीतून, हृदयाच्या मागून खाली उतरते आणि पोटाच्या पिशवीला मिळते.

पुष्कळांना वाटते, अन्न या नळीतून नुसते खाली पडते. आडात दगड टाकावा तसे. पण तसे नाही. गाय हौदावर पाणी पिते तेव्हा बघा. तिचे तोंड खाली असते आणि पोट वर. तरीही पाणी पोटात चढते. म्हणजे नळीच पाणी पुढे ढकलते. आपल्याही अन्ननळीच्या भिंती मांसाच्या आहेत. घास आला की त्या वरून खाली क्रमाने आवळत जातात. जणू एक लाट घासाला पुढे रेटते. सुमारे १० सेकंदांत घास पोटाशी पोचतो.

अन्ननळीच्या खालच्या टोकाला एक दार आहे. तेही मांसाचेच. एरवी ते मिटलेले असते. कारण पोटातला आंबट रस वर येता कामा नये. घास आला की दार उघडते, घास आत गेला की पुन्हा मिटते.

शेतकऱ्याला हे लगेच समजेल. उसाला पाणी देताना एक जण दारं धरून उभा असतो. पाटाने पाणी आले की तो दार फोडतो, वाफा भरला की बुजवतो. अन्ननळीच्या भिंतीत बारीक शिरा आहेत. मज्जातंतू म्हणतात त्यांना. दारं धरायचे काम या शिरा करतात.

दारं धरणारा नसला तर

दारं धरणारा निघून गेला तर काय होईल? पाणी पाटात तुंबेल. पाट फुगेल. वाफा कोरडाच राहील.

काही माणसांच्या अन्ननळीचे असेच होते. तिच्या भिंतीतले मज्जातंतू हळूहळू मरतात. लाट येत नाही, खालचे दार नीट उघडत नाही. अन्न नळीत साचते. नळी फुगत जाते. या रोगाला डॉक्टर अकॅलेशिया म्हणतात. हा रोग मोठा नाही, म्हणजे फार लोकांना होत नाही. वर्षाला लाखात साधारण एका माणसाला तो नव्याने होतो. बाईला होतो, पुरुषालाही होतो. तो शिवाशिवीने पसरत नाही. करणी, भानामती, नजर यांनी तो होत नाही. अंगाऱ्याने जातही नाही.

त्याच्या खुणा अशा आहेत:

भाकरी अडकते आणि पाणीही अडकते. पहिल्यापासून दोन्ही अडकते.

रात्री आडवे झाले की न पचलेले अन्न तोंडात येते. उशी ओली होते. ठसका लागून जाग येते.

छातीत दाबल्यासारखे होते. वजन उतरते.

असा माणूस जेवताना मध्येच उठून उभा राहतो, पाठ ताठ करतो, घटाघट पाणी पितो. पाण्याच्या भाराने घास खाली जावा म्हणून तो असे करतो. घरातल्यांना वाटते, हा जेवताना नखरे करतो. नखरे नव्हेत ते. त्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो.

गार पाण्याने काय होते?

गारठ्यात आपण अंग आखडून घेतो. शेकोटीजवळ गेलो की अंग मोकळे होते. अन्ननळीचेही काहीसे असेच आहे.

धडधाकट माणसाने बर्फाचे पाणी प्यायले तर अन्ननळीची लाट थोडा वेळ मंदावते. त्याला ते कळतही नाही. त्याचे काही बिघडत नाही. पण ज्याची नळी आधीच अधू आहे, त्याला ते कळते.

चीनमधल्या डॉक्टरांनी अकॅलेशियाच्या थोड्या रोग्यांवर हे तपासून पाहिले. त्यांचा लेख २०१२ साली छापून आला. त्यांनी रोग्यांच्या नाकावाटे बारीक नळी घालून अन्ननळीतला दाब मोजला आणि त्यांना गार व ऊन पाणी पाजले. गार पाण्याने खालचे दार जास्त घट्ट मिटले आणि नळी जास्त वेळ आवळलेली राहिली. ऊन पाण्याने दार सैल पडले आणि आवळणे लवकर सुटले. रोगीही सांगत होते की गार खाल्ले-प्याले की त्रास वाढतो.

आणखी काही जणांची नळी एकदम वेडीवाकडी आवळते. छातीत कळ येते. त्यांनाही बर्फाच्या पाण्याने कळ उठू शकते. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. छातीत कळ आली तर "गार पाणी बाधलं" म्हणून घरी बसू नका. ती हृदयाचीही असू शकते. आधी दवाखाना गाठा. १०८ क्रमांकावर फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते.

आपल्या नांदेड-लातूरकडे वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा रसवंतीचा बर्फ घातलेला रस, फ्रीजमधली बाटली, गारेगार, सारेच हवेसे वाटते. ज्याचा घास नीट उतरतो, त्याने खुशाल प्यावे. ज्याचा घास अडकतो, त्याने बर्फ टाळावा. माठातले पाणीही थोडा वेळ पेल्यात ठेवून मग घोट घोट प्यावे. जेवताना कोमट पाणी जवळ ठेवावे.

ऊन वेगळे, कढत वेगळे

आता कुणी म्हणेल, "ऊन पाण्यानं दार सैल होतं, मग कढतच पितो. जास्त फायदा होईल." हे मात्र चुकीचे आहे. या पाठातली ही मोठी गोष्ट आहे.

आपल्या भाषेत चार शब्द आहेत: गार, कोमट, ऊन आणि कढत. आपल्या अंगाची ऊब सुमारे ३७ अंश असते. कोमट पाणी त्याच्या आसपास असते. ऊन पाणी त्याहून थोडे वर, पण ते ओठाला सुखाने सोसते. उकळते पाणी सुमारे १०० अंश असते. जे ओठाला चटका देते, फुंकर मारून भुरके मारीत प्यावे लागते, ते कढत.

जीभ भाजली की आपल्याला कळते. अन्ननळी भाजली तर तितके कळत नाही. पण ती भाजते. रोज थोडी भाजते, रोज थोडी भरून येते. वर्षानुवर्षे असे झाले की तिच्या आतल्या अस्तरात कर्करोग धरू शकतो.

२०१६ साली फ्रान्स देशातील लियों या शहरी १० देशांचे २३ शास्त्रज्ञ जमले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना बोलावले होते. त्यांनी सारा पुरावा तपासला. त्यांचा निष्कर्ष असा: ६५ अंशांहून अधिक तापलेले पेय नेहमी पिणे हे अन्ननळीच्या कर्करोगाचे बहुधा कारण आहे. दोष चहाचा नाही, कॉफीचा नाही. दोष चटक्याचा आहे.

इराण देशात गोलेस्तान नावाचा प्रांत आहे. तिथे अन्ननळीचा कर्करोग फार. तिथल्या सुमारे ५०,००० माणसांवर डॉक्टरांनी पुष्कळ वर्षे लक्ष ठेवले. २०१९ साली त्यांनी हिशेब मांडला. जी माणसे ६० अंशांहून तापलेला चहा दिवसाला ७०० मिलिलिटर किंवा अधिक पीत होती, त्यांना कमी आणि निवलेला चहा पिणाऱ्यांच्या मानाने हा रोग जवळजवळ दुप्पट झाला. ७०० मिलिलिटर म्हणजे हॉटेलातले सहा-सात पेले. दिवसभर चहावर राहणारी माणसे आपल्याही गावात आहेतच की.

यावर उपाय सोपा आहे आणि तो आपल्या घरचाच आहे. आपली वडील माणसे चहा बशीत ओतून पितात. शिकलेली पोरे त्यांना हसतात. हसू नये. बशीत चहा पसरतो आणि लवकर निवतो. ती चांगली चाल आहे. बशी नसेल तर पेला चार-पाच मिनिटे खाली ठेवा. बोटाला पेला धरवत नसेल तर अन्ननळीने तरी तो का सोसावा?

कढत चहाहून मोठे वैरी दुसरे आहेत. तंबाखू, बिडी, गुटखा आणि दारू. तंबाखू आणि दारू दोन्ही असली तर धोका नुसता दुप्पट होत नाही, कितीतरी पट वाढतो. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्याला बंदी झाली. पण बंदी कागदावर असून भागत नाही, ती आपल्या तोंडावर असावी लागते.

"जेवण कमी झालंय, एवढंच"

आपल्या घरोघरी असे घडते. सून ताट वाढते. सासरा अर्ध्या भाकरीवर हात धुतो.

"मामंजी, अजून चतकोर घ्या की."

"नको पोरी. वय झालं. जेवण कमी झालंय, एवढंच."

महिन्याने तो भाकरी दुधात कुस्करून मागतो. आणखी महिन्याने नुसते वरण पितो. मग चहा-पाण्यावर येतो. ऊन पाण्याने घास थोडा सरकतो, म्हणून तो ऊन पाणी पीत राहतो. कुणाला काही सांगत नाही. पोरांना खर्च नको, असे त्याला वाटते.

इथे नीट लक्ष द्या. आधी भाकरी अडकली, मग मऊ भात अडकला, मग पातळही अडकू लागले. हा क्रम वाईट आहे. नळीत काहीतरी वाढते आहे आणि वाट अरुंद होत चालली आहे, असा याचा अर्थ असू शकतो. तो कर्करोग असू शकतो. इथे दार सैल करून काय उपयोग? पाटातच दरड कोसळली आहे. ऊन पाण्याने बरे वाटले तरी रोग आत वाढतच राहतो.

बायकांत आणखी एक कारण आढळते. अंगात रक्त फार कमी असले की कधी कधी अन्ननळीच्या वरच्या भागात पातळ पडदा येतो. त्यात घास अडकतो. रक्त वाढवणाऱ्या गोळ्या आणि उपचार यांनी हे सुधारते. वेळीच लक्ष न दिल्यास पुढे त्यातून कर्करोगाचाही धोका असतो. म्हणून "बाईमाणसाचं काय, चालायचंच" असे म्हणून सोडू नका.

घास अडकणे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर डॉक्टरांना दाखवायचेच, हा नियम करा. सोबत वजन उतरत असेल, आवाज बसला असेल, उलटीत रक्त असेल किंवा शौचाला डांबरासारखी काळी होत असेल तर एक दिवसही थांबू नका. घास असा अडकला की थुंकीही गिळवत नाही, तर त्याच वेळी दवाखान्यात न्या. वरून पाणी पाजू नका. गार नको, ऊनही नको.

वेळेवर जाण्याने फरक पडतो का?

पडतो. सोलापूर जिल्ह्यात बार्शी हे गाव आहे. तिथे १९८७ साली खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवायला सुरुवात झाली. खेड्यांसाठी अशी नोंदणी भारतात पहिलीच होती. बार्शी तालुका आणि मराठवाड्यातले परंडा, भूम हे तालुके तिच्यात आहेत. कार्यकर्ते गावोगाव गेले. त्यांनी सभा घेतल्या आणि कर्करोगाच्या खुणा लोकांना सांगितल्या. त्या लोकांत लिहिता-वाचता न येणारी माणसे पुष्कळ होती. पुढे काही वर्षांनी आकडे पाहिले. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. नुसती खूण कळली म्हणून त्या लवकर आल्या. जे त्या रोगात झाले, ते अन्ननळीच्या रोगातही आपण करू शकतो.

डॉक्टर काय करतात?

आधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात दाखवा. पुढे जाण्यासाठी चिठ्ठी घ्या. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

मुख्य तपासणी दुर्बिणीची. बोटाएवढी लवचिक नळी तोंडावाटे आत घालतात आणि अन्ननळी आतून पाहतात. चीरफाड नाही. घसा बधिर करतात. थोडे मळमळते, पण काम काही मिनिटांत होते. शंका आली तर तिथला कणभर तुकडा काढून तपासतात. कधी बेरियम नावाचे पांढरे पाणी पाजून एक्स-रे काढतात. बंद दार असेल तर नळी फुगलेली आणि खाली निमुळती दिसते. दाब मोजण्याची तपासणी मोठ्या शहरांत होते.

बंद दारावर आज चांगले उपाय आहेत. पूर्वी काय होते ते ऐका. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस नावाचे डॉक्टर होते. १६७४ साली त्यांनी अशा एका रोग्याची हकीकत लिहिली. देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्टीची काडी करून तिच्या टोकाला स्पंज बांधला होता. तो माणूस जेवला की ती काडी घशातून आत घालून अन्न पोटात ढकलीत असे. कितीतरी वर्षे तो असा जगला. (घरी असे काही करू नका. नळी फाटेल.) १९१३ साली जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी दाराचे मांस कापून ते सैल करण्याची शस्त्रक्रिया केली. २००८ साली जपानात हारुहिरो इनोउए यांनी तेच काम दुर्बिणीतून, पोटावर चीर न घालता केले. दारात फुगा फुगवून ते रुंद करण्याचीही रीत आहे. आता ही कामे भारतातही होतात.

कर्करोग असला तर शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणांचे उपचार असतात. लवकर सापडला तर त्यांचा गुण जास्त येतो.

खर्चाची धास्ती वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राज्यातल्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होता. त्या वेळी तिचे नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना असे होते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्याला भेटा. आपला उपचार योजनेत बसतो का, ते तो सांगतो. विचारायला लाजू नका.

तोवर घरी काय करावे?

उपचार होईपर्यंत रोग्याला असे सांभाळा:

१. घास लहान घ्या. पुष्कळ चावा. घाई नको.

२. ज्वारीची भाकरी वरणात, दुधात किंवा कढीत कुस्करून खा. अंबील, मऊ भात, ताक-भात चांगला. ताक फ्रीजमधले नको.

३. दोन-चार घासांनंतर कोमट किंवा ओठाला सोसेल असे ऊन पाणी घोट घोट प्या. कढत नको. बर्फ नको.

४. ताठ बसून जेवा. जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका. उशाशी खाटेचे पाय विटांनी उंच करा.

५. गोळी गिळताना पेलाभर पाणी घ्या. कोरडी गोळी नळीत चिकटली तर तिथे जखम होते.

एक सूचना आणखी. पाणी पितानाच ठसका लागत असेल, पाणी नाकातून येत असेल किंवा माणसाला अर्धांगवायू झाला असेल, तर तो दोष घशाचा आहे. अन्ननळीचा नव्हे. त्याला वरचे पाण्याचे उपाय लावू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला घटाघट काही पाजू नका.

ऊन पाणी हा आधार आहे, उपचार नव्हे. म्हाताऱ्याला काठीचा आधार देतात. पण पाय मोडला असेल तर काठी देऊन भागत नाही, हाड बसवावे लागते. आज रात्री घरातली सगळी माणसे जेवायला बसतील, तेव्हा जरा बघा. कुणाचे ताट अर्धे राहते? कुणी भाकरी सोडून नुसते वरण पिते? त्याला विचारा, "घास उतरतो ना नीट?"

वाचून उत्तरे सांगा

१. गाय मान खाली घालून पाणी पिते, तरी ते पोटात कसे जाते?

२. बंद दाराच्या रोगात गार पाण्याने त्रास का वाढतो?

३. ऊन आणि कढत यांत फरक काय? चहा बशीत ओतून पिणे चांगले का?

४. आधी भाकरी, मग भात, मग पातळ अडकू लागले तर काय करावे?

५. तुमच्या गावापासून जवळचे सरकारी रुग्णालय कोणते? तिथे कोणत्या दिवशी डॉक्टर भेटतात, ते विचारून वहीत लिहा.